कराराबाहेरचा कामगार



 या परिषदेच्या अध्यक्षपदावरून आपल्या राज्याच्या प्रश्नांवर बोलावे अशी अपेक्षा असते. तरीही मी आज युरोपातील कामगार आणि त्यांच्या संघटनांविषयी बोलणार आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी सामंजस्य करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक अशा कामांसाठी पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल तरुण तिकडे पाठवायचे ठरले. जर्मन भाषेच्या वर्गांची, व्हिसाची, पगाराच्या आकड्यांची पुष्कळ चर्चा झाली. पण ही मुले ज्या श्रमबाजारात पाऊल ठेवणार आहेत तो कोणत्या नियमांनी चालतो, तिथला पगार कोण ठरवतो, साहेबाशी खटका उडाला तर दाद कोणाकडे मागायची, हे त्यांना समजेल अशा मराठीत सांगायला आपण अजून सुरुवातही केलेली नाही. ते काम अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचे आहे.

युरोपातील युनियनबद्दल आपल्याकडे दोन ठाम मते ऐकू येतात. एक म्हणते, कडक कायदे आणि बलाढ्य संघटना यांनी युरोपला जखडून टाकले, म्हणून तिथे बेकारी हटत नाही. दुसरे म्हणते, युरोप म्हणजे कामगारांचे नंदनवन. ही दोन्ही मते युरोपला एकच देश समजतात. प्रत्यक्षात डेन्मार्क, स्पेन, ब्रिटन आणि इटली यांच्या श्रमबाजारांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हे अंतर मोजायला युनियनची ताकद किंवा कायद्याचा कडकपणा हे माप पुरत नाही, या निष्कर्षावर मी आलो आहे. एखाद्या संस्थेने आपल्या सभासदाला काय मिळवून दिले हे पाहावेच. पण ज्याच्या नावाची नोंद तिच्या वहीत नाही, तिच्या करारावर ज्याची सही नाही, त्या कामगाराचे तिने काय केले, तिथे तिचा खरा कस लागतो.

सभासदसंख्येचे कोडे आधी सोडवू. फ्रान्समध्ये दहा कामगारांमागे जेमतेम एक जण युनियनचा सभासद आहे. तरीही शंभरांतल्या पंचाण्णवांहून अधिक कामगारांना सामूहिक करार लागू आहे, कारण प्रातिनिधिक संघटनांनी आणि मालक संघांनी केलेला करार श्रममंत्रालय आदेश काढून त्या उद्योगातील सर्व आस्थापनांना लागू करते. ऑस्ट्रियात प्रत्येक उद्योजक कायद्याने आर्थिक चेंबरचा सभासद असतो. चेंबरने सही केली की सगळे बांधले गेले. जर्मनीत सहा कामगारांमागे एक सभासद आणि करार सुमारे निम्म्यांना. तेव्हा वर्गणी भरणारे किती, हा एक प्रश्न आणि कराराच्या छपराखाली किती, हा दुसरा. युरोपीय संघाने २०२२ साली किमान वेतनाचे निर्देश काढले, तेव्हा ८० टक्क्यांहून कमी कामगार करारात असलेल्या देशांनी ते प्रमाण वाढवण्याचा आराखडा करावा असे घातले, ते दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व ओळखूनच.

आता उत्तरेकडे जाऊ. स्कँडिनेव्हियाविषयी बोलताना आपण सहज म्हणतो की ती माणसेच शांत, समंजस. इतिहास तसे सांगत नाही. १८९९ च्या मे महिन्यात डेन्मार्कच्या मालक संघटनेने देशभर टाळेबंदी पुकारली. सुतारकामगारांच्या एका स्थानिक संपातून ठिणगी पडली आणि बघता बघता सुमारे ४० हजार कामगार बाहेर फेकले गेले. शंभर दिवस हे चालले. सप्टेंबरमध्ये जो समझोता झाला त्याचा गाभा असा होता की मालकांनी संघटनेचा आणि वाटाघाटीचा हक्क मान्य केला, तर कामगारांनी कामाची आखणी आणि वाटणी करण्याचा मालकाचा अधिकार मान्य केला. संसदेने केलेला हा कायदा नव्हता. थकलेल्या दोन पक्षांनी एकमेकांना दिलेला तो शब्द होता आणि आजच्या डॅनिश श्रमबाजाराची इमारत त्याच पायावर उभी आहे. स्वीडनमध्ये तर १९३१ साली ओडालेन इथे लष्कराने मोर्चावर गोळीबार केला आणि पाच जण मेले. तिथून सात वर्षांनी, १९३८ च्या डिसेंबरमध्ये, स्टॉकहोमजवळच्या साल्टशोबाडेन या समुद्रकाठच्या गावी कामगार महासंघ आणि मालक महासंघ यांनी मुख्य करारावर सह्या केल्या. सरकारने कायदा करून आपले हात बांधण्याआधी आपणच रीत बसवून घेऊ, हे दोघांनाही पटले होते.

या पायावर स्वीडनच्या कामगार महासंघाचे दोन अर्थतज्ज्ञ, योस्टा रेन आणि रुडॉल्फ मेइडनर, यांनी १९५१ मध्ये जी मांडणी केली ती मला आजही आपल्या शास्त्रातील एक मोठी कामगिरी वाटते. सारख्या कामाला सारखा पगार, मग कारखाना नफ्यात असो वा तोट्यात, हे त्यांचे सूत्र. त्याचा परिणाम दोन्ही टोकांना होतो. मागासलेली यंत्रे घेऊन केवळ कमी मजुरीवर तग धरणाऱ्या कारखान्याला हा पगार परवडत नाही, तो सुधारतो किंवा बंद पडतो. भरभराटीतल्या कारखान्याला मात्र त्याच्या ऐपतीपेक्षा कमी पगार द्यावा लागतो. त्याच्याकडे गुंतवणुकीला पैसा उरतो, तो वाढतो, नवी माणसे घेतो. मधल्या काळात ज्याची नोकरी गेली त्याला सरकारने शिकवायचे, नव्या गावी जायचा खर्च द्यायचा, तोवर भत्ता द्यायचा. इथे युनियन स्वतःहून म्हणते आहे की जुनी नोकरी टिकवणे हे आमचे काम नाही, कामगाराला टिकवणे हे आहे. किती युनियन नेते असे बोलण्याचे धाडस करतील?

या धोरणाने साठ आणि सत्तरच्या दशकांत पगारातील दरी मोठ्या प्रमाणावर बुजवली. त्याची किंमत उत्तरेकडच्या जंगलपट्टीने मोजली. तिथली तरुण माणसे सामान बांधून दक्षिणेच्या कारखान्यांकडे गेली आणि गावे ओस पडत गेली. पुढे कुशल कामगारांना समान पगाराचा जाच वाटू लागला आणि १९८३ मध्ये धातुउद्योगाने केंद्रीय वाटाघाटीतून बाहेर पडून स्वतंत्र करार केला. भरभराटीच्या कंपन्यांत साठणाऱ्या नफ्याचे काय करायचे, याला मेइडनर यांनी कामगारांच्या मालकीच्या निधीचे उत्तर शोधले. ते पातळ करून १९८३ मध्ये कायद्यात आले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गुंडाळले गेले. म्हणजे हे प्रारूपही काळाबरोबर झिजले. पण १९९७ मध्ये उद्योगक्षेत्राने नवा करार करून निर्यातक्षम उद्योगांच्या पगारवाढीचा दर बाकीच्यांसाठी प्रमाण मानला. संस्था मोडते आणि पुन्हा बांधली जाते, हे स्वीडनकडून शिकण्यासारखे आहे.

या अनुभवाला सिद्धान्ताची जोड १९८८ मध्ये लार्स कॅल्मफोर्स आणि जॉन ड्रिफिल यांनी दिली. वाटाघाटी एकेका कारखान्याच्या पातळीवर असतील तर बाजाराची स्पर्धा मागणीला आवर घालते. त्या सबंध देशाच्या पातळीवर असतील तर महागाई आणि बेकारी यांचा भार आपल्याच अंगावर येणार, हे संघटनेला दिसते आणि ती सबुरीने वागते. घोटाळा मधल्या पातळीवर होतो. तिथे संघटना पगार ओढण्याइतकी मोठी असते, पण त्याचे परिणाम स्वतःच सोसण्याइतकी मोठी नसते. पुढील संशोधनाने या सिद्धान्ताला बऱ्याच दुरुस्त्या सुचवल्या, तरी त्यातील मर्म टिकले. संघटना जितकी व्यापक, तितका बाहेरचा माणूस तिच्या हिशेबात येतो. १९९४ मध्ये विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेने आपल्या रोजगार अहवालात युरोपला लवचिकतेचा उपदेश केला होता. त्याच ओईसीडीने २०१९ पर्यंत मान्य केले की समन्वयाने चालणाऱ्या सामूहिक वाटाघाटींच्या देशांत रोजगार अधिक आणि पगारातील विषमता कमी दिसते. पंचवीस वर्षांत पुरावा साठला आणि मत बदलले. आपल्या विद्यार्थ्यांना आपण अजून १९९४ चाच पाठ देत असू, तर तो बदलायला हवा.

उत्तरेत माणसे युनियनमध्ये एवढ्या संख्येने का राहतात, याचे एक उत्तर बेल्जियममधील गेंट शहरात सापडते. १९०१ मध्ये तिथल्या नगरपालिकेने युनियनांच्या बेकारी निधीला अनुदान द्यायला सुरुवात केली. ही पद्धत डेन्मार्क, स्वीडन, फिनलंडने उचलली. बेकारीचा विमा युनियनशी जोडलेल्या निधीतून मिळत असल्याने नोकरी गेल्यावरही माणूस संघटनेच्या वहीत राहतो. २००७ मध्ये स्वीडनच्या उजव्या आघाडीच्या सरकारने या निधीची वर्गणी एकदम वाढवली. २००६ मध्ये ७७ टक्के कामगार-कर्मचारी संघटित होते, ते २००८ पर्यंत ७१ टक्क्यांवर आले. कुणी संघटनेवर बंदी घातली नाही की कुणाला अटक केली नाही. फक्त वर्गणीचा आकडा बदलला.

डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये कायद्याने ठरवलेले किमान वेतन नाही, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. तिथल्या युनियननाच ते नको आहे. पगार ठरवण्याचे काम सरकारकडे गेले की आज वाढवणारे सरकार उद्या गोठवेल, अशी त्यांची भूमिका. म्हणून तर युरोपीय संघाच्या निर्देशांविरुद्ध डेन्मार्क युरोपीय न्यायालयात गेला. मग तिथे नव्याने आलेल्या कंपनीला करारात आणतात कसे? मॅकडोनाल्ड्स डेन्मार्कमध्ये आली तेव्हा तिने करार करायचे टाळले. ऐंशीच्या दशकाअखेर इतर धंद्यांतील कामगार सहानुभूती म्हणून उभे राहिले, तिचा माल हाताळायला नकार मिळू लागला आणि १९८९ मध्ये कंपनीने करार स्वीकारला. आज तीच कहाणी स्वीडनमध्ये टेस्लाबाबत चालू आहे. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी टेस्लाच्या दुरुस्ती केंद्रांतील यंत्रकारागिरांनी संप सुरू केला. मागणी पगाराच्या आकड्याची नव्हती, करारावर सही करण्याची होती. गोदी कामगारांनी टेस्लाच्या मोटारी उतरवायचे थांबवले, टपाल कर्मचाऱ्यांनी नंबरप्लेटची पाकिटे पोचवायचे नाकारले, डेन्मार्कचे वाहतूक कामगारही सोबत आले. संपावर गेलेले मूठभर, त्यांच्या मागे उभे राहिलेले हजारो. या संपाचा निकाल काय लागतो यावर उत्तरेकडील सव्वाशे वर्षांच्या रचनेचे पुढचे आयुष्य बऱ्याच अंशी अवलंबून आहे असे मी मानतो.

पण हीच सहानुभूतीची नाकेबंदी बाहेरच्या माणसावरही उगारता येते. २००४ मध्ये लाव्हाल नावाच्या लाटव्हियन कंपनीने स्वीडनमधील वॅक्सहोम इथे शाळेच्या बांधकामाचे काम घेतले आणि आपले लाटव्हियन कामगार आणले. त्यांचा पगार स्वीडिश करारापेक्षा कमी. बांधकाम युनियनने नाकेबंदी केली, काम ठप्प झाले. डिसेंबर २००७ मध्ये युरोपीय न्यायालयाने ही नाकेबंदी सेवा पुरवण्याच्या स्वातंत्र्यात अडथळा आणणारी ठरवली. या खटल्यावर मी वर्गात अनेकदा चर्चा घडवून आणली आहे आणि दर वेळी वर्ग दुभंगतो. स्वीडिश युनियन त्या लाटव्हियन गवंड्याला योग्य मजुरी मिळवून देत होती, की त्याला दाराबाहेर ठेवत होती? माझ्या मते ती दोन्ही गोष्टी एकाच वेळी करत होती. एकाच कामाच्या जागी दोन दर चालू दिले तर वरचा दर टिकत नाही, हे तिचे म्हणणे खरेच होते. परंतु त्या गवंड्यांना सभासद करून घेऊन, त्यांच्या भाषेत बोलून हे करता आले असते का, याचे उत्तर तिने पुरेसे शोधले नाही. २०१८ मध्ये परदेशी पाठवलेल्या कामगारांविषयीचे निर्देश सुधारले गेले आणि सारख्या कामाला सारखा मोबदला हे तत्त्व त्यात आले. तोवर एक तप उलटून गेले होते.

बाहेरच्या माणसाची सर्वात मोठी फरफट मला स्पेनमध्ये दिसते. फ्रँकोच्या हुकूमशाहीतून बाहेर पडलेल्या या देशात कायम कामगाराला काढणे महाग होते. अन्याय्य बडतर्फीला नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे ४५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागे. बेकारी वाढली तेव्हा १९८४ मध्ये समाजवादी सरकारने कायम कामगाराच्या संरक्षणाला हात न लावता मुदतीच्या नोकऱ्यांचे दार उघडले. कुणालाच दुखवायचे नाही, असा तो राजकीय तोडगा होता. काही वर्षांतच देशातील जवळजवळ एकतृतीयांश नोकरदार मुदतीच्या करारावर आले आणि ते प्रमाण दोन दशके तिथेच राहिले. कामगार निवडणुकांत मते कायमवाल्यांची, वाटाघाटीच्या टेबलावर प्रश्नही त्यांचेच. २००८ नंतर मंदी आली तेव्हा कंपन्यांना पगार कमी करण्याची, कामाचे तास वाटून घेण्याची गरजच पडली नाही. मुदतीवाल्यांचे करार संपू दिले, एवढेच. २००७ मध्ये आठ टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी २०१३ च्या सुरुवातीला २६ टक्क्यांच्या पुढे गेली. तरुणांमध्ये तर निम्म्याहून अधिक बेकार. शिकलेली मुले जर्मनीला, इंग्लंडला निघून गेली.

अर्थतज्ज्ञ लिंडबेक आणि स्नोअर यांनी 'आतले आणि बाहेरचे' असा जो सिद्धान्त मांडला, त्याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. मात्र त्यातून युनियनच दोषी असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. दुहेरी बाजार कायद्याने घडवला होता आणि तो मोडायलाही युनियनच पुढे आल्या. डिसेंबर २०२१ मध्ये श्रममंत्री योलांदा दियास यांनी दोन प्रमुख कामगार महासंघ आणि मालक महासंघ यांच्याशी महिनोन्‌महिने वाटाघाटी करून सुधारणा आणली. नोकरी कायम असणे हा नियम, मुदतीची नोकरी हा अपवाद, आणि अपवादाची कारणे मोजकी. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी संसदेत ती १७५ विरुद्ध १७४ मतांनी संमत झाली. विरोधी पक्षाच्या एका सदस्याचे मत चुकून बाजूने पडले नसते तर ती फेटाळली गेली असती. मुदतीच्या नोकऱ्यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून दोनेक वर्षांत १७ टक्क्यांच्या आसपास आले. हंगामापुरते बोलावले जाणारे पण कागदोपत्री कायम असलेले कामगार कायम कामगारांत मोजले जातात आणि त्यामुळे चित्र थोडे उजळ दिसते, ही टीका रास्त आहे. तरीही बँकेचे कर्ज मागायला गेलेल्या पंचविशीतल्या मुलीच्या हातात कायम नोकरीचा कागद असणे, ही त्या देशात फार मोठी गोष्ट आहे.

इटलीत कागदावर जवळजवळ प्रत्येक कामगाराला राष्ट्रीय करार लागू आहे. तरी १९९० ते २०२० या तीस वर्षांत तिथला सरासरी खरा पगार वाढण्याऐवजी किंचित घसरला. नोंदलेल्या राष्ट्रीय करारांची संख्या हजाराच्या घरात गेली आहे आणि त्यांतील कित्येक करार नाममात्र संघटनांनी मालकांना सोयीचे दर लावून केलेले आहेत. तिथे श्रमाचा प्रश्न किती जिवावरचा आहे हे आपल्या व्यवसायातील तीन माणसांच्या मृत्यूने दाखवून दिले. महागाई भत्त्याच्या रचनेवर काम करणारे एझिओ तारांतेल्ली १९८५ मध्ये रोमच्या विद्यापीठात मारले गेले, श्रमकायद्याचे अभ्यासक मास्सिमो द'अंतोना १९९९ मध्ये, मार्को बिआजी २००२ मध्ये बोलोन्यात आपल्या घराच्या दारात. तिघांनाही डाव्या दहशतवाद्यांनी मारले, कारण ते वाटाघाटीचा मार्ग शोधत होते. या व्यासपीठावरून मी त्यांना आदरांजली वाहतो.

रोमच्या दक्षिणेला लातिनाच्या सखल शेतीपट्ट्यात हजारो पंजाबी मजूर भाजीपाल्याच्या शेतांत राबतात. आपल्याकडचा ऊसतोडीचा मुकादम ज्याने पाहिला आहे त्याला तिथला 'कापोराले' वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तोच मजुरांना गोळा करतो, गाडीत घालून शेतावर नेतो आणि मजुरीतला आपला वाटा कापून घेतो. जिल्ह्याचा शेतमजुरी करार लागू असतो, पण हातात पडते ती मजुरी त्याहून कितीतरी कमी. एप्रिल २०१६ मध्ये या मजुरांनी शेतमजूर युनियनच्या साथीने लातिनात संप केला आणि त्याच वर्षी मुकादमीविरुद्ध कडक कायदा झाला. जून २०२४ मध्ये त्याच पट्ट्यात एका भारतीय मजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न नेता त्याच्या घराजवळ टाकून देण्यात आले आणि दोन दिवसांनी तो गेला. कायदा होता, करार होता. त्या शेतावर ते कुणी पोचवले नव्हते.

ब्रिटनबद्दल थोडक्यात बोलतो, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६८ मध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी स्थलांतरितांविरुद्ध बोलणाऱ्या इनॉक पॉवेल यांच्या समर्थनार्थ मोर्चा काढला होता. ऑगस्ट १९७६ मध्ये लंडनच्या ग्रनविक फोटो प्रयोगशाळेतून जयाबेन देसाई बाहेर पडल्या आणि पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका साड्या नेसून, थंडीत, कारखान्याच्या दाराशी उभ्या राहिल्या. १९७७ च्या उन्हाळ्यात त्यांच्या बाजूने यॉर्कशरचे खाणकामगार आले, टपालवाल्यांनी कंपनीचे टपाल अडवले आणि लंडनचे गोदी कामगारही आले. नऊ वर्षांत केवढे अंतर कापले त्या माणसांनी! वरिष्ठ संघटनांनी मात्र पाठिंबा काढून घेतला आणि १९७८ मध्ये संप फसला. पुढे थॅचर यांच्या कायद्यांनी अशी सहानुभूतीची कृती टप्प्याटप्प्याने बेकायदा ठरवली. १९७९ मध्ये एक कोटी ३२ लाख सभासद होते, आज सुमारे निम्मेच उरले आहेत. १९९९ मध्ये तिथे राष्ट्रीय किमान वेतन आले, ते ही पोकळी थोडी भरून काढायला. मालक, युनियन आणि तज्ज्ञ यांना समान जागा असलेला आयोग त्याचा दर सुचवतो. नोकऱ्या बुडतील ही भीती खरी ठरली नाही.

आता जर्मनी, जिथे आपली मुले निघाली आहेत. २००९ मध्ये जर्मनीचे राष्ट्रीय उत्पन्न पाच टक्क्यांहून अधिक घसरले आणि बेकारी जवळपास हलली नाही. कामाचे तास कमी करायचे, गेलेल्या पगाराचा मोठा भाग सरकारने द्यायचा, माणूस मात्र रजिस्टरवर ठेवायचा, ही 'कुर्झआर्बाइट' योजना कंपनीतील कामगार समितीच्या संमतीने राबवली गेली. एप्रिल २०२० मध्ये सुमारे ६० लाख कामगार या योजनेत होते. आपल्याकडे त्याच एप्रिलमध्ये कामगार महामार्गांवरून पायी गावी चालले होते. मात्र २००९ मध्ये एजन्सीमार्फत आलेल्या कामगारांना सर्वात आधी घरी पाठवले गेले, हेही नोंदवले पाहिजे. धातुकामगारांच्या 'ईगे मेटाल' युनियनला त्याची टोचणी लागली असावी. २०१२ मध्ये तिने एजन्सी कामगारांसाठी वेगळा वाढीव मोबदला करारात मिळवला.

जर्मनीच्या यशाचे श्रेय श्रोडर सरकारने श्रमबाजारात आणलेल्या हार्ट्‌झ सुधारणांना देण्याची प्रथा आहे. अर्थतज्ज्ञ क्रिस्टियान डुस्टमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की बदल त्याआधीच, नव्वदच्या दशकात सुरू झाला होता. अडचणीतल्या कारखान्याला करारातून मर्यादित सूट देण्याची मुभा युनियन आणि मालक यांनीच वाढवत नेली. २००४ चा फोर्झहाइम करार हा त्यातला मोठा टप्पा, आणि फोर्झहाइम बाडेन-वुर्टेम्बर्गमध्येच आहे. या लवचिकतेने कारखाने वाचले. पण कराराचे छप्परही आकसले आणि तळच्या कामगारांची खरी मजुरी खाली गेली. उपाय होता राष्ट्रीय किमान वेतनाचा. त्याला बलाढ्य धातू आणि रसायन युनियननी बरीच वर्षे विरोध केला. त्यांच्या सभासदांना त्याची गरज नव्हती. मागणी लावून धरली हॉटेल-खाद्यपदार्थ कामगारांच्या छोट्या युनियनने. अखेर १ जानेवारी २०१५ पासून ताशी साडेआठ युरो दर लागू झाला. लाखो नोकऱ्या जातील ही भाकिते फसली. उलट कमी पगाराचे कित्येक कामगार अधिक चांगल्या, अधिक पगाराच्या कंपन्यांकडे सरकले.

परदेशी कामगाराच्या वाट्याला काय आले? ऑगस्ट १९७३ मध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यात सुट्टीवरून उशिरा परतलेल्या सुमारे तीनशे तुर्की कामगारांना काढण्यात आले. हजारो तुर्की कामगारांनी काम बंद पाडले. युनियन आणि कामगार समिती त्यांच्या बाजूने उभी राहिली नाही आणि संप बळाने मोडला गेला. आदल्याच वर्षीच्या कायद्याने परदेशी कामगारांना कामगार समितीवर निवडून यायचा हक्क मिळाला होता. तो हक्क कागदावरून कारखान्यात उतरायला वेळ लागला, पण उतरला. आज जर्मन कारखान्यांच्या समित्यांवर तुर्की नावे सर्रास दिसतात.

आणि हा हक्क उद्या आपल्या मुलांचाही असणार आहे. म्हणून या परिषदेपुढे एक निश्चित काम ठेवतो. जर्मनीला जाणाऱ्या मराठी कामगारांसाठी आपण एक पुस्तिका तयार करावी, आणि ती प्रचाराची नव्हे, माहितीची असावी. नियुक्तिपत्र हाती आल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा की हा मालक सामूहिक करारात आहे का, आणि असल्यास कोणत्या. आपण थेट कंपनीचे कामगार आहोत की एजन्सीचे, हे लेखी घ्यायचे. नोकरी मध्येच सोडल्यास भरतीचा खर्च परत करण्याची अट घातली आहे का, हे सही करण्याआधी कुणा जाणत्याकडून वाचून घ्यायचे. परिचारिका म्हणून जाणाऱ्या मुलींना सांगायचे की सप्टेंबर २०२२ पासून शुश्रूषा केंद्रांना करारातील दरांच्या पातळीचा पगार देणे बंधनकारक आहे, आणि बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील परिचारिकांनी २०२१ मध्ये संप केला तो एका परिचारिकेमागे किती रुग्ण असावेत, यासाठी. कामगार समितीची निवडणूक दर चार वर्षांनी होते आणि तिथे मत द्यायला जर्मन नागरिकत्व लागत नाही, हे ठळक अक्षरांत छापायचे. युनियनची वर्गणी साधारण पगाराच्या एक टक्का असते, त्या बदल्यात वकिलाची मदत मिळते, हेही.

दुसरे काम अभ्यासाचे. चाकण आणि नाशिकच्या औद्योगिक पट्ट्यांत ज्या जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत, त्यांच्या मायदेशातील देखरेख मंडळांवर १९७६ च्या कायद्यानुसार कामगारांचे प्रतिनिधी बसतात. त्या मंडळांच्या निर्णयांचे पडसाद आपल्याकडील कंत्राटी कामगारापर्यंत पोचतात का, पोचत असतील तर कसे, यावर आपल्या तरुण संशोधकांनी आकडेवारी गोळा करावी. माझ्या माहितीतल्या काही विद्यार्थ्यांनी उत्सुकता दाखवली आहे. त्यांना कारखान्यात प्रवेश, युनियनच्या नोंदी आणि थोडा निधी मिळवून देणे आपल्याला शक्य आहे.

पुस्तिकेसाठी कायदा जाणणारा एक, जर्मन जाणणारा एक आणि परिचर्येच्या क्षेत्रातून एक, असे तिघांचे मंडळ आज दुपारच्या सत्रातच नेमावे, अशी सूचना मी अध्यक्ष या नात्याने मांडतो आणि सभागृहाची संमती मागतो.